व्हॅली परेडचा एक स्टँड जळाला, एक विकला

शुक्रवार, ब्रॅडफर्ड

लीड्सहून ब्रॅडफर्ड ट्रेननं विसेक मिनिटांवर आहे. फॉर्स्टर स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडलं की आपण शहराच्या तळाला आहोत हे पायांना लगेच कळतं. इथून कुठंही जायचं तर चढच.

माझे मामा कोल्हापूरचे. उभी हयात उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेली आणि सुट्टीचा दिवस शाहू स्टेडियमच्या पायरीवर. इंग्लंडला येतोय तर एक तरी मॅच बघायचीच, हे त्यांनी व्हिसा यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मँचेस्टर, लिव्हरपूल अशी नावं त्यांच्या तोंडी होती. मी म्हटलं, "मामा, ते तुम्ही टीव्हीवर बघताच की. मी तुम्हाला पेठेतलं फुटबॉल दाखवते." "इथं पेठा हायत व्हय?" म्हणाले, आणि तयार झाले.

ब्रॅडफर्ड सिटी हा तसा चढउतारांचा क्लब. १९९९ ते २००१ अशी दोन वर्षं प्रीमियर लीगमध्ये, मग घसरगुंडी, २००७ मध्ये थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये. २०२५ च्या मे महिन्यात मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, ९६ व्या मिनिटाला गोल करून ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये परत आले. पण मला मामांना दाखवायचं होतं ते त्यांचं मैदान, व्हॅली परेड. कारण या मैदानाची गोष्ट एका जागी बसून पुरी होत नाही. तिचा एक तुकडा लिंकनला आहे, एक पार स्कॉटलंडच्या वेशीवर. म्हणून चार दिवस रजा टाकली होती.

आधी टाउन हॉलकडे गेलो. ब्रॅडफर्ड सिटी हॉल ही १८७३ ची इमारत, मनोरा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या धर्तीवर. एका लोकरीच्या शहराला फ्लॉरेन्सशी बरोबरी करावीशी वाटली, यावरून तेव्हा इथं किती पैसा होता याचा अंदाज यावा. जवळच १९८५ च्या आगीचं एक स्मारक आहे. जर्मनीतल्या हाम या गावानं ते दिलं आहे. हाम हे ब्रॅडफर्डचं जोडशहर. मजकूर इंग्रजी आणि जर्मन, दोन्ही भाषांत. दरवर्षी मे महिन्यात लोक इथं जमतात आणि त्या आगीत गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. मामांनी एवढंच विचारलं, "किती माणसं?" छप्पन्न, म्हटलं. पुढचं सगळं उद्या सांगते, म्हणून विषय थांबवला. उपाशीपोटी सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

दुपारनंतर मॅनिंगहॅम लेननं वर चढलो. दोन्ही बाजूंना मिठाईची, कपड्यांची, सोनारांची दुकानं, पाट्या उर्दूत. साठच्या दशकात गिरण्यांच्या रात्रपाळ्यांवर काम करायला पाकिस्तानातल्या मीरपूरहून माणसं आली, आणि ती इथलीच झाली. वर टेकाडावर लिस्टर मिलची चिमणी दिसते, सुमारे ७६ मीटर उंच. एकेकाळी ही जगातल्या सर्वांत मोठ्या रेशीम गिरण्यांपैकी एक होती. १८९० च्या डिसेंबरात मालकानं पगार कापला, कामगार काही महिने संपावर गेले आणि हरले. पण त्या हरण्यातून जी चळवळ उभी राहिली तिच्यातून १८९३ मध्ये याच शहरात इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. आपल्याकडच्या गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या माणसाला हे नुसतं सांगितलं तरी पुरतं. मामा चिमणीकडे बघून म्हणाले, "बांधकाम लई देखणं केलंय पिळून घेतलेल्या पैशानं."

या गिरणगावातला क्लब मुळात फुटबॉलचा नव्हताच. मॅनिंगहॅम नावाचा रग्बी क्लब होता. १८८६ मध्ये त्यांनी उतारावरची, रेल्वे कंपनीच्या मालकीची ही जमीन घेतली, सपाट केली आणि मैदानाला शेजारच्या रस्त्याचंच नाव पडलं. १८९५ मध्ये उत्तरेकडचे रग्बी क्लब मुख्य संघटनेतून फुटून निघाले. भांडण साधं होतं: गिरणीत शनिवारचा पगार बुडवून खेळणाऱ्याला भरपाई द्यायची की नाही. फुटून निघालेल्या या नव्या लीगचं पहिलं विजेतेपद मॅनिंगहॅमनं मिळवलं. आणि तरी सात वर्षांत तिजोरी रिकामी! कर्ज फेडायला मैदानावर धनुर्विद्येची स्पर्धा भरवावी लागली. १९०३ मध्ये समितीनं रग्बी सोडून फुटबॉल धरलं, आणि फुटबॉल लीगनं एकही सामना न खेळलेल्या या क्लबला सरळ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घेतलं. रग्बीच्या मुलखात लीगला पाय रोवायचा होता, बाकी काही नाही. रग्बीवाल्यांचा गडद लाल आणि पिवळसर केशरी रंग मात्र तसाच राहिला. आजही तोच आहे.

पाच वर्षांत क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला. मग मैदान वाढवायला आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश इंजिनिअरला बोलावलं. त्या काळात ब्रिटनमधलं कुठलंही मोठं मैदान घ्या, आराखडा बहुतेक त्याचाच. त्यानं एका अंगाला लाकडी बैठकीचा मेन स्टँड केला आणि समोर, मिडलंड रोडच्या अंगाला, पोलादी सांगाड्याचा दुसरा. हे दोन स्टँड लक्षात ठेवायचे.

१९११ च्या मार्चमध्ये बर्नलीविरुद्धच्या एफए कपच्या सामन्याला इथं ३९,१४६ लोक आले होते. तो विक्रम आजही कायम आहे. त्या वर्षी सिटीनं कप जिंकलाही. गंमत म्हणजे तो नवाकोरा कप बनवला होता ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या सोनारांनी. गावात घडलेला कप, पहिल्याच वर्षी गावात परत. विजयी गोल करणारा कप्तान जिमी स्पिअर्स पुढं १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला.

रात्री जेवायला एका जुन्या करीच्या दुकानात गेलो. फॉर्मायकाची टेबलं, चमचा मागितला तरच मिळणार, आणि करीबरोबर चपात्या न सांगता समोर येतात. मामांनी मटण हाणलं. "तांबडा जमलाय," म्हणाले, "पांढरा कुठाय?"

शनिवार, व्हॅली परेड

तीनची मॅच. आम्ही साडेबारालाच निघालो, कारण मला मैदानाभोवती एक फेरी मारायची होती. मिडलंड रोडवरून, रेल्वेच्या कडेनं चालत गेलं की डोक्यावर स्टँडची पाठ येते. मैदान टेकडीच्या उतारात कोरलेलं आहे. इकडच्या बाजूला खोल, तिकडच्या बाजूला रस्ताच स्टँडच्या माथ्याशी. हा उतार नुसता देखाव्याचा नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीला तोच कारण आहे.

बाहेरून बघितलं तर स्टेडियम चक्क एकांगी दिसतं. मेन स्टँड आणि गोलामागचा कॉप नावाचा स्टँड हे दोन अवाढव्य, दुमजली, कोपऱ्यात एकमेकांना जोडलेले. समोरचा मिडलंड रोड स्टँड ठेंगणा. आणि शहराकडचा ब्रॅडफर्ड एंड तर इतका चिंचोळा की मागच्या घरांनी अंग चोरून जागा दिली असावी. मोठं बांधकाम प्रीमियर लीगच्या दिवसांतलं. पैसा होता तेवढं बांधलं, पैसा संपला तिथं थांबलं. त्या खर्चापायी क्लब २००२ आणि २००४ असा दोनदा दिवाळखोरीच्या दारात जाऊन आला, आणि मधल्या काळात मैदान स्वतःच्या मालकीचंही राहिलं नाही. आज सिटी आपल्याच घरात भाड्यानं राहते.

मुख्य दरवाजाशी काळ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरांत छप्पन्न नावं आहेत. प्रत्येक नावापुढं वय. खाली काळ्या दगडाचाच कट्टा, त्यावर मफलर, फुलं. मामा चष्मा लावून एकेक नाव वाचायला लागले. तीच तीच आडनावं पुन्हा येतात, कारण माणसं घरच्या घरं मिळून मॅचला आली होती. एका कुटुंबातले चौघं आहेत. सर्वांत लहान मुलं अकरा वर्षांची. सर्वांत वयस्कर गृहस्थ ८६ वर्षांचे, क्लबचे जुने अध्यक्ष. गेलेल्यांपैकी निम्मे एक तर विशीच्या आतले किंवा सत्तरीच्या पुढचे. म्हणजे ज्यांना पळता आलं नाही ते.

तिथंच कट्ट्याशेजारी उभं राहून मी मामांना ती दुपार सांगितली.

११ मे १९८५, शनिवार. मोसमाचा शेवटचा सामना, पाहुणा संघ लिंकन सिटी. ब्रॅडफर्डनं तिसरी डिव्हिजन आधीच जिंकलेली, खेळ सुरू व्हायच्या अगोदर कप्तानाच्या हाती चषक दिला, खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. ११,०७६ प्रेक्षक. तीन चाळीसच्या सुमारास, मध्यंतराला काही मिनिटं उरलेली असताना, मेन स्टँडच्या एका टोकाला मागच्या रांगांत कुणाच्या तरी पायाला चटका जाणवला. फळ्यांच्या फटीतून धूर.

लीचचा तो लाकडी स्टँड ७० हून जास्त वर्षं जुना होता. उतारावर बांधल्यामुळं बैठकीच्या फळ्या आणि जमीन यांच्यामध्ये पोकळी राहिली होती, आणि फळ्यांत फटी. कागदाचे कप, खाऊची पाकिटं, वर्तमानपत्रं, जे काही वरून पडेल ते वर्षानुवर्षं तिथं साठत गेलं. आगीनंतर त्या ढिगात ४ नोव्हेंबर १९६८ चं स्थानिक वर्तमानपत्र सापडलं. जुन्या चलनातली, सहा पेन्स किंमत छापलेली शेंगदाण्याची पुडीही. इंग्लंडनं ते चलन १९७१ मध्येच सोडलं होतं. न विझलेली काडी किंवा सिगारेट फटीतून खाली पडली, हा चौकशीचा निष्कर्ष.

वर लाकडी छत, त्यावर डांबरी पत्र्यासारखा थर. चार-पाच मिनिटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा स्टँड पेटला. टीव्हीचा कॅमेरा सामना टिपायला आलेला होता, म्हणून हे सगळं चित्रित झालं. मामांनी मान हलवली. "डांबर एकदा पेटलं की वरनं गळतंय. आमच्यात एकदा शेडचं छत पेटलं होतं, मला माहीताय." पुढं काही बोलले नाहीत.

जे समोर, मैदानाकडे पळाले ते बहुतेक वाचले. त्या काळात बऱ्याच मैदानांवर दंगेखोरांना आवरायला स्टँडपुढं उंच जाळ्या लावलेल्या असायच्या. या स्टँडपुढं ती नव्हती, नुसती कमरेएवढी भिंत होती. जाळी असती तर आकडा कुठं गेला असता, याचा विचारच नको. पण पुष्कळ लोक सवयीनं ज्या दारानं आत आले होते त्या दाराकडे, म्हणजे मागं, वर पळाले. फिरती फाटकं बंद, मागची बरीच दारं कुलपात. मध्यंतरानंतर कुणी फुकट आत घुसू नये म्हणून. आग विझवायचे सिलिंडर तिथं नव्हते. पोरं त्यांची नासधूस करतात म्हणून ते स्टँडमधून काढून ठेवलेले. छप्पन्न मेले, अडीचशेहून जास्त जखमी. प्रेक्षक, खेळाडू, पोलिस, ज्याला जो हाताला लागला त्यानं त्याला ओढून काढलं.

आणि मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट ही, की कुणालाच काही ठाऊक नव्हतं असं नाही. काउंटीच्या कार्यालयानं १९८४ च्या जुलैमध्ये क्लबला लेखी कळवलं होतं, की बेफिकिरीनं टाकलेल्या एखाद्या सिगारेटनं इथं आग लागू शकते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ मध्ये ६६ माणसं चेंगरून मेल्यावर क्रीडांगणांच्या सुरक्षेचा कायदाही झाला होता, १९७५ चा. पण तो बंधनकारक होता वरच्या दोन डिव्हिजनमधल्या मोठ्या मैदानांना. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या क्लबांना परवडणार नाही म्हणून त्यांना सोडलेलं. जणू खालच्या डिव्हिजनमधलं लाकूड वेगळं जळतं. सिटी आता दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाणार, म्हणजे कायद्याच्या कक्षेत येणार, म्हणून नव्या छताचं पोलाद आणून स्टँडच्या मागं टाकलेलं होतं. काम सुरू व्हायचं होतं सोमवारी, १३ मेला.

"म्हंजे परवादिवशी," मामा म्हणाले.

हो, परवादिवशी.

न्यायमूर्ती ऑलिव्हर पॉपलवेल यांनी या आगीची चौकशी केली. त्याच दुपारी बर्मिंगहॅममध्ये मैदानावरच्या दंगलीत भिंत कोसळून एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला होता, तेही त्याच चौकशीत आलं. पुढं १९८७ मध्ये कायदा कडक झाला, आणि देशभरातले जुने लाकडी स्टँड एकामागून एक बंद पडले. एक चांगली गोष्टही याच आगीतून निघाली. डेव्हिड शार्प नावाच्या प्लॅस्टिक सर्जननी त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत देशभरातले सहकारी गोळा करून जखमींवर उपचार केले. भाजलेला हात उंच धरून ठेवण्यासाठी त्यांनी एक झोळी तयार केली, ती ब्रॅडफर्ड स्लिंग नावानं जगभर वापरली जाते. त्यांनीच ब्रॅडफर्ड विद्यापीठात भाजण्यावरच्या उपचारांचं संशोधन केंद्र उभं केलं. क्लबचे चाहते आजही त्या केंद्रासाठी निधी गोळा करतात.

मॅचबद्दल थोडं. आमची तिकिटं मिडलंड रोड स्टँडमध्ये होती, मेन स्टँडच्या अगदी समोर. हा स्टँड १९९७ मध्ये राणी एलिझाबेथनी उघडला होता. पंचवीसेक हजारांच्या मैदानात गर्दी चांगली होती. चौथ्या डिव्हिजनमध्ये असतानाही इथं पंधरा हजारांवर लोक येत, कारण क्लबनं मोसमाच्या पासाचा भाव मुद्दाम खाली ठेवला. आमच्या पुढच्या रांगेत हिजाबावर क्लबचा मफलर गुंडाळलेल्या दोन बायका त्वेषानं रेफ्रीचा उद्धार करत होत्या. बांगलादेशी वंशाच्या बायकांचा बांगला बँटम्स नावाचा समर्थकांचा गटच आहे इथं.

खेळ? मामांच्या शब्दांत, "पास न्हाई, नुसती हाणाहाणी. पण इमानदारीत खेळत्यात." २०१२ च्या डिसेंबरात याच क्लबनं चौथ्या डिव्हिजनमध्ये असताना आर्सेनलला इथं पेनल्टीवर हरवलं आणि पुढं लीग कपची अंतिम फेरी गाठली होती, हे मी त्यांना सांगितल्यावर ते जरा सरसावून बसले. मध्यंतरात मटण भरून भाजलेली पाय (इंग्रजी 'pie') आणि चहा. पायमधली ग्रेव्ही मामांच्या स्वेटरवर.

पण अधूनमधून त्यांची नजर समोरच्या स्टँडकडेच जात होती. काँक्रीट, पोलाद, जागोजागी हिरव्या पाट्यांची बाहेर जायची दारं. "दारं मोजली मी," परत येताना म्हणाले. त्यांनी आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही.

रविवार, ऑड्सल आणि पार्क अॅव्हेन्यू

आजचा दिवस हलका. आग लागल्यावर व्हॅली परेड १९ महिने बंद होतं; १४ डिसेंबर १९८६ ला इंग्लंडच्या संघाशी सामना खेळून ते पुन्हा उघडलं. मधल्या काळात सिटी उसन्या मैदानांवर खेळली. कधी हडर्सफील्डला, कधी लीड्सला आणि बरेचदा इथं, ऑड्सलला. म्हणजे रग्बी सोडून आलेल्या क्लबला अखेर रग्बीच्याच मैदानानं आसरा दिला. ऑड्सल म्हणजे जुन्या खाणीचा, पुढं शहराचा कचरा टाकून भरलेला भलाथोरला खड्डा. १९५४ मध्ये इथं रग्बीच्या एका अंतिम सामन्याला नोंदीप्रमाणे १,०२,५६९ लोक आले होते. आज दार बंद होतं. कुंपणातून खड्डा बघितला आणि बस पकडली.

पार्क अॅव्हेन्यू मात्र मामांना आवडलं. ब्रॅडफर्डमध्ये एकेकाळी लीगमधले दोन क्लब होते. दुसऱ्याचं मैदान इथं होतं, क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून. १९७० मध्ये तो क्लब लीगमधून बाहेर गेला, १९७४ मध्ये बुडाला. (त्याच नावाचा नवा क्लब नंतर निघाला, पण तो दुसरीकडे खेळतो.) फुटबॉलच्या बाजूला आता झाडी माजली आहे, आणि झाडीतून अजून पायऱ्यांच्या रांगा दिसतात. शेजारी क्रिकेटचं मैदान शाबूत, यॉर्कशायरची काउंटी १९९६ पर्यंत तिथं खेळायला यायची. यॉर्कशायरबाहेर जन्मलेल्याला संघात घ्यायचंच नाही असा हट्ट या काउंटीनं शतकभर धरला, आणि तो सोडून परदेशातला पहिला खेळाडू घेतला तो १९९२ मध्ये, आपला सचिन. एकोणीस वर्षांचा होता. हे ऐकल्यावर मामांनी पार्क अॅव्हेन्यूच्या गवतावर उगाच चार पावलं टाकून घेतली.

सोमवार, लिंकन

लीड्सहून शेफील्डमार्गे लिंकन. ट्रेन निवांत, प्रत्येक खेड्याला थांबणारी. गावात कॅथीड्रल आहे, टेकडीवरचं, शेकडो वर्षांपूर्वी जगातली सर्वांत उंच इमारत मानलं गेलेलं. मामांनी खालूनच नमस्कार केला. गावाचा मुख्य रस्ता मधेच रेल्वेच्या फाटकानं कापला जातो. खरेदीला निघालेली बाया-माणसं फाटक उघडायची वाट बघत उभी. हे बघून मात्र मामांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

सिन्सिल बँक हे लिंकन सिटीचं मैदान. हल्ली त्याला रेल्वे कंपनीचं नाव आहे, पण माणसं जुनंच घेतात. व्हॅली परेडच्या आगीतल्या छप्पन्नपैकी चोपन्न ब्रॅडफर्डचे होते आणि दोन लिंकनचे: बिल स्टेसी आणि जिम वेस्ट. पूर्वी रेल्वे एंड म्हणत तो स्टँड १९९० मध्ये नव्यानं बांधल्यावर त्याला या दोघांचं नाव दिलं, स्टेसी वेस्ट स्टँड. दोघंही आयुष्यभराचे लिंकनचे चाहते.

मैदानात सामना नव्हता. दुकानातल्या बाईंना आम्ही कुठून आलो ते सांगितलं. त्यांनी आम्हाला फाटकापर्यंत आणून तो स्टँड दाखवला. लहानसा, साधा. आपल्याकडं स्टेडियमला नाव लागतं ते देणगीदाराचं, नाहीतर पुढाऱ्याचं. तिकीट काढून मॅच बघायला गेलेल्या दोन माणसांचं नाव लागलेला स्टँड मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मामांना तो व्हॅली परेडच्या संगमरवरापेक्षा जास्त भावला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक माणसं त्यात बसतात म्हणून.

मंगळवार, बेरिक-अपॉन-ट्वीड

आता राहिला तो दुसरा स्टँड, लक्षात ठेवायला सांगितलेला. मिडलंड रोडचा.

लीचनं तो उताराच्या खालच्या अंगाला, पोलादी सांगाड्यावर उभा केला होता. १९४६ मध्ये बोल्टनच्या मैदानावर चेंगराचेंगरी होऊन ३३ माणसं मेली आणि सगळीकडं तपासण्या सुरू झाल्या. व्हॅली परेडच्या या स्टँडचा पाया उतारावर भरवशाचा नाही असं ठरलं, आधी तो अंशतः बंद केला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उतरवला. जागेवर नंतर बांधलेला स्टँडही पायापायीच पाडावा लागला आणि काही वर्षं व्हॅली परेड तीनच अंगांचं होतं. पण लीचचा सांगाडा धड होता. तो ४०० पौंडांना बेरिक रेंजर्स नावाच्या क्लबनं विकत घेतला.

म्हणून ही यॉर्कच्या पुढची ट्रेन. डरॅमचं कॅथीड्रल, न्यूकॅसलचे पूल, मग उजव्या खिडकीत समुद्र. मामा डबा उघडून दशम्या खात समुद्र बघत होते. शेवटी ट्वीड नदीवरचा रॉयल बॉर्डर ब्रिज, रॉबर्ट स्टीफन्सनचा, १८५० चा, २८ कमानींचा. तो संपला की स्टेशन. हे स्टेशन बांधायला जुन्या किल्ल्याचा दरबारी महालच पाडला होता. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात हे गाव तेरा वेळा इकडून तिकडं गेलं असं म्हणतात. आज ते इंग्लंडमध्ये आहे, पण गावचा क्लब खेळतो स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये. स्कॉटलंड जवळ पडतं, एवढंच कारण. १९६७ च्या जानेवारीत याच पिटुकल्या क्लबनं ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सना स्कॉटिश कपमधून १-० असं बाहेर काढलं होतं. २०१९ पासून मात्र क्लब मुख्य लीगच्याही खाली आहे.

क्लबचं मैदान, शीलफील्ड पार्क, नदीपलीकडं, ट्वीडमाउथला. स्टेशनापासून गावातून उतरून, जुन्या दगडी पुलावरून नदी ओलांडून परत चढ. दोन ठिकाणी बसत बसत गेलो. मैदानाचं फाटक उघडं होतं, एक म्हातारे गृहस्थ यंत्रानं गवत कापत होते. आत शिरलो.

खेळाच्या मैदानाभोवती मोटारसायकलींच्या शर्यतीचा अंडाकृती ट्रॅक आहे, त्यामुळं स्टँड खेळापासून लांब पडलाय. म्हणाल तर काही बघण्यासारखं नाही: उतरतं छप्पर, त्याला पुढून आधार देणारे लोखंडी खांब, खाली खुर्च्या. एखादा खांब नेमका तुमच्या आणि गोलच्या मधे येणार. मामा पायऱ्या चढून थेट मागच्या रांगेत गेले आणि वर बघत बसले. मग उठून एका खांबाशी गेले. रंगाचा पोपडा नखानं जरा उचकटला, खालचा रंग बघितला, तळव्यानं खांब थोपटला, जोडाशी बोट फिरवलं. फौंड्रीतल्या माणसाला तिथं मी काय सांगणार?

"हे बघ," मला बोलावून म्हणाले. "हे असं केलेलं असतंय की सुटं करायचं, गाडीत घालायचं, दुसरीकडं नेऊन उभं करायचं. पोलादाचं असंच असतंय. ह्यो नको म्हणून विकला आणि तो लाकडाचा ठेवला. चालतंय की, म्हणून ठेवला."

मी म्हटलं, "त्या वेळी कुणाला काय माहीत, मामा."

"चौऱ्याऐंशी साली माहीत होतं म्हणालीस न्हवं तूच?"

एव्हाना गवत कापणारे गृहस्थ यंत्र बंद करून आमच्याकडं आले होते. दोन अनोळखी माणसं खांब थोपटताहेत म्हटल्यावर येणारच. हा स्टँड बघायला आलोय, ब्रॅडफर्डहून, असं मी सांगितलं. त्यांना स्टँडची सगळी कुळकथा ठाऊक होती, चारशे पौंडांसकट. मामांकडं बघून त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ब्रॅडफर्डवाल्यांनी परत मागायला पाठवलंय का तुम्हाला? मी मराठीत सांगितल्यावर मामा हसले आणि म्हणाले, "त्याला सांग, मागितला तरी द्यायचा न्हाई. आणि त्या कोपऱ्यातल्या खांबाला बुडाशी गंज धरायला लागलाय, थंडीच्या आधी रंग मारून घ्या म्हणावं."

मी सांगितलं. गृहस्थ मामांना घेऊन कोपऱ्यातल्या खांबाकडं गेले आणि दोघं वाकून बघायला लागले. आमची परतीची ट्रेन चारची होती, ती चुकली. पुढची सव्वापाचची मिळाली.